बदललेल्या चाकातली हवा

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब नावाचं एक छोटं गाव आहे. गावाभोवती लालसर वालुकाश्माचे उघडे, गुळगुळीत खडक मैलोगणती पसरले आहेत. त्या खडकांवरून गाडी न्यायच्या वाटा आखलेल्या आहेत आणि त्यांना ‘हेल्स रिव्हेंज’सारखी दरारा वाटेल अशी नावं आहेत. १९६७ साली इथे ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा सुरू झाला. या वाटांच्या तोंडाशी गाड्या थांबल्या की सगळे आधी एकच काम करतात. खाली उकिडवं बसून चारही चाकांतली हवा सोडतात. पस्तीस-सदतीस पीएसआयवर आलेली चाकं पंधरा-अठरापर्यंत उतरवतात. तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालासारखं चित्र, खालची कड दातेरी, मधे उद्गारचिन्ह.

त्या जागी हा दिवा कोणाला खटकत नाही, कारण तो का लागला हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न येतो तो डांबरी रस्त्यावर परतल्यावर. कॉम्प्रेसरने पुन्हा हवा भरली तरी अनेक गाड्यांमधला दिवा विझत नाही. या गाड्यांची कंपनीने दिलेली चाकं काढून तिथे बाहेरून घेतलेली, रुंद, मोठ्या टायरची चाकं बसवलेली असतात. काही चाकांत सेन्सरच नसतो. काहींत तो असतो, पण गाडी त्याला ओळखत नाही. उरलेल्यांत सेन्सर ठीक चालतो आणि हवाही योग्य असते, फक्त गाडीला ‘योग्य’ म्हणजे किती हे जुन्याच चाकांचं ठाऊक असतं. तिन्ही प्रकारांत दिवा एकच. मग मालक वैतागून विचारतो, ही भानगड एकदाची बंद करता येईल का?

करता येते. पण ती करू नये असं मला ठामपणे वाटतं. त्याचं कारण समजायचं तर चाकातल्या हवेपासून सुरुवात करावी लागेल.

चार दरवाजांची जीप रँग्लर साधारण दोन टनांची. ढोबळ मानाने एका चाकावर पाचशे किलो भार येतो. सदतीस पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.६ किलो. पाचशेला २.६ ने भागलं की टायरचा जमिनीला टेकलेला भाग निघतो सुमारे १९० चौरस सेंटिमीटर. हवा पंधरा पीएसआयवर आणली की हाच भाग ४७५ च्या घरात जातो. टायरच्या भिंतींचा ताठपणा थोडा भार उचलतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी येतो, पण दिशा हीच. जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, रबर खडकाच्या खाचाखोचांत बसतं, वाळूत चाक रुतत नाही. खडकावर हवा सोडतात ती यासाठी.

हेच पंधरा पीएसआय महामार्गावर जीव घेऊ शकतात. कमी हवेचं टायर प्रत्येक फेऱ्याला खाली दबतं आणि वर सुटतं. ताशी शंभरच्या वेगाने हे सेकंदाला दहाएक वेळा होतं. दरवेळी थोडी ऊर्जा रबरातच उष्णता होऊन अडकते. टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे रबरात चिकटवलेले असतात. उष्णता वाढत गेली की तो चिकटपणा सुटायला लागतो आणि एका क्षणी वरचा नक्षीचा थर पट्ट्यासकट सोलून निघतो. उंच गाडी अशा वेळी फार पटकन उलटते.

ही नुसती शक्यता नव्हे, हे घडलेलं आहे. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीने आपले एटीएक्स आणि वाइल्डरनेस एटी या जातीचे टायर परत बोलावले. त्यातले सुमारे ६५ लाख तेव्हा रस्त्यावर असावेत असा अंदाज होता. यांपैकी बरेच टायर फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीवर होते. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत या टायरांचे थर सुटून गाड्या उलटल्या होत्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे अशा अपघातांतले २७१ मृत्यू नोंदले गेले. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या आणि २००१ मध्ये जवळपास शतकभराचा त्यांचा व्यवहार तुटला. त्या भांडणात एक आकडा वारंवार पुढे आला. फोर्डने एक्स्प्लोररच्या टायरसाठी २६ पीएसआय हवा सुचवली होती, फायरस्टोन नंतर ३० म्हणत होती. २६ वर असलेल्या टायरमधून महिन्या-दोन महिन्यांत तीन-चार पीएसआय हवा झिरपली, तर तो थेट धोक्याच्या पट्ट्यात जातो आणि बाहेरून पाहून कळत नाही. रेडियल टायरची भिंत हवा पुरेशी असतानाही थोडी फुगलेली दिसते, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही.

याच प्रकरणातून १ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत ‘ट्रेड’ नावाचा कायदा झाला आणि टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, गाडीत बसवणं सक्तीचं झालं. यंत्रणा त्याआधीपासून होती. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये ती आली होती, पण ती फार थोड्यांना परवडणारी गाडी. सर्वसामान्य गाड्यांसाठी २००२ मध्ये पहिला नियम निघाला. त्यात एक पळवाट होती. चारपैकी एका चाकातली हवा कमी झाल्याचं कळलं तरी पुरे, असा पर्याय उत्पादकांना दिला होता. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. चारही चाकांतली हवा सावकाश, सारखीच उतरते हा तर रोजचा अनुभव, आणि तोच त्या पर्यायातून सुटत होता. २००५ च्या नव्या नियमाने ठरवलं की एका, दोन, तीन किंवा चारही टायरांतली हवा गाडीच्या दारावरच्या तक्त्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाली, तर वीस मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे. १ सप्टेंबर २००७ पासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांपर्यंतच्या, बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांना हे लागू झालं. युरोपात नव्याने मंजुरी घेणाऱ्या गाड्यांना ते २०१२ पासून आणि सर्व नव्या मोटारींना नोव्हेंबर २०१४ पासून आलं.

चाकं बदलणाऱ्याने या नियमातलं एक कलम लक्षात ठेवावं. यंत्रणेतच बिघाड असेल, सेन्सरचा संदेशच येत नसेल, तर तोच दिवा आधी ६० ते ९० सेकंद उघडमीट करतो आणि मग स्थिर पेटून राहतो. उघडमीट न करता सरळ लागला, तर हवा कमी. दोन अर्थ, एकच चित्र. गाडी चालू केल्यावर पहिल्या मिनिटात दिव्याकडे पाहिलं तर रोग कुठला ते कळतं. पण एकदा तो बिघाडामुळे कायमचा पेटून राहिला की खऱ्या इशाऱ्याला जागाच उरत नाही. सेन्सर नसलेली चाकं लावून दिव्याकडे दुर्लक्ष करणारे लोक हेच गमावतात.

आता चाकाच्या आत पाहू. टीपीएमएस असलेल्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक रिमच्या आतल्या बाजूला, व्हॉल्वच्या मुळाशी, एक प्लास्टिकची डबी असते. वजन तीस-चाळीस ग्रॅम. आत सिलिकॉनचा दाबमापक, तापमानमापक, चाक फिरतंय की नाही हे ओळखणारा त्वरणमापक, छोटं प्रक्षेपक यंत्र आणि नाण्याएवढी लिथियम बॅटरी. बॅटरी राळेत गाडलेली असते, त्यामुळे ती बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांनी ती संपली की सबंध सेन्सरच बदलायचा. गाडी उभी असताना तो जवळपास झोपलेला असतो. चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि अधूनमधून आपला क्रमांक, दाब आणि तापमान रेडिओ लहरींवरून पाठवतो. प्रत्येक सेन्सरचा क्रमांक जगावेगळा असतो आणि गाडीचा संगणक फक्त आपल्या यादीतल्या क्रमांकांचं ऐकतो. नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या गाडीच्या पंक्चरचा इशारा आपल्याला आला असता.

दुसरा एक प्रकार आहे, त्यात चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून ते इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं. एबीएसचे वेगमापक हा फरक पकडतात. अशा गाडीत चाकं बदलली तर सेन्सरचा खर्च नाही, नव्याने शिकवणी दिली की झालं. मात्र जाड, ताठ भिंतीच्या ऑफ-रोड टायरची त्रिज्या हवा उतरली तरी फार कमी बदलते, त्यामुळे इशारा उशिरा मिळण्याची शक्यता असते. अशी गाडी असेल तर खिशात दाबमापक हवाच.

सेन्सरवाल्या गाडीत नवं चाक लावताना पहिली अडचण निव्वळ जागेची येते. मूळ रिमवर कंपनीने सेन्सर बसेल अशी सपाटी ठेवलेली असते. बाहेरच्या रिमवर ती असेलच असं नाही. व्हॉल्वचं भोक नेहमीच्या साडेअकरा मिलिमीटरचं आहे का, त्याचा कोन सरळ आहे की तिरका, आत डबी रिमला घासते की मोकळी राहते, हे टायर चढवण्याआधी हातात धरून पाहायचं असतं. पोलादी रिममध्ये भोक अनेकदा अशा जागी असतं की डबी वर उचलली जाते आणि टायर चढवताना त्याच्या कडेखाली चिरडते. बीडलॉक चाकांत बाहेरून लोखंडी कडं बोल्टांनी आवळून टायरची कड पकडून ठेवतात, म्हणजे सहा-आठ पीएसआयवरही टायर रिमवरून निसटत नाही. साध्या बीडलॉकमध्ये सेन्सर सहसा बसतो. टायरच्या आत दोन्ही कडांच्या मधे रबरी कडं बसवणारे जे बीडलॉक आहेत, त्यांच्यात मात्र डबीला जागा शोधणं अवघड जातं. रिम विकत घेतानाच विक्रेत्याला विचारायचा हा प्रश्न आहे. पैसे दिल्यावर विचारून उपयोग नाही.

व्हॉल्व दोन प्रकारचे मिळतात. ॲल्युमिनियमचा, नटाने आवळायचा, आणि रबरी, ओढून बसवायचा. महामार्गावर पहिला दिसायला नेटका. पण खडकाळ वाटेवर दगड किंवा फांदी त्याला आडवी लागली तर तो मुळाशी मोडू शकतो, रबरी मात्र वाकून परत सरळ होतो. ज्याचं चाक खरोखर खडकांत जाणार आहे त्याने रबरी व्हॉल्वचा विचार करावा. ॲल्युमिनियमचा घेतलात तर त्याच्या आतली पिन निकेलचा मुलामा दिलेली असावी लागते. साधी पितळी पिन घातली की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि पुढच्या वेळी पिन काढताना व्हॉल्वच तुटतो. समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. कोकणातल्या गाडीमालकांनी एवढ्यासाठी तरी पंक्चरवाल्याच्या हातात सुटी पिन दिसली की हात धरून विचारावं.

दुसरी अडचण ओळखीची. सेन्सर ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात. अमेरिकेत दोन्ही चालतात, भारतात आणि युरोपात ४३३. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेला ३१५ चा सेन्सर इथल्या गाडीला कधीच ऐकू येणार नाही. लहर जुळली तरी क्रमांक गाडीच्या यादीत घालावा लागतो. जीपसारख्या काही गाड्या काही अंतर चालवल्यावर नवे क्रमांक आपणच उचलतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ते निदान-पोर्टला यंत्र जोडून भरावे लागतात. तिसरा मार्ग सगळ्यांत सोयीचा: बाजारात कोरे सेन्सर मिळतात, त्यांच्यात जुन्या सेन्सरचाच क्रमांक उतरवता येतो. गाडीला बदल कळतही नाही. शहराची एक चार चाकं आणि रानाची दुसरी चार, असे दोन जोड ठेवणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. फक्त एकाच क्रमांकाचे दोन जोड एकाच गॅरेजमध्ये शेजारी ठेवू नयेत. चालत्या गाडीजवळचा झोपलेला जोड हलवला तर तोही बोलू लागतो आणि गाडी गोंधळते.

आणि जुनेच सेन्सर नव्या रिममध्ये घालायचे का? गाडी दोन-तीन वर्षांची असेल तर जरूर, मात्र वॉशर, सील, नट आणि पिन नवीन घालून. सहा-सात वर्षांची असेल तर नको. उरलेल्या बॅटरीच्या वर्ष-दोन वर्षांसाठी टायर पुन्हा उतरवायची मजुरी परवडत नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. ती आहे आकड्याची. रँग्लरच्या दारावर ३७ पीएसआय लिहिलेलं असतं, ते कंपनीच्या टायरसाठी. तिथे पस्तीस इंची टायर चढवला की त्यात हवा मावते जास्त. तोच भार पेलायला दाब कमी पुरतो. ३७ वर हे टायर मधोमध फुगतं, नक्षी मधेच झिजते, गाडी दगडासारखी आदळते, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. म्हणून अनुभवी लोक खडूची रेघ ओढून पाहतात. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ मारायची, सपाट रस्त्यावर थोडं सरळ जायचं, उतरून पाहायचं. रेघ फक्त मधे पुसली असेल तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली असेल तर कमी. अशा चाचणीतून पस्तीस इंची टायरसाठी अनेक जीपवाले २६ ते ३० च्या आसपास थांबतात. आता ३७ चे पंचाहत्तर टक्के करा. पावणेअठ्ठावीस येतात. म्हणजे योग्य हवा भरूनही दिवा पेटलेलाच. दिवा चुकत नाहीये, त्याला जुनाच आकडा सांगितलेला आहे.

इथे घाई करू नये, कारण याच्या उलटही घडतं. टायरचा आकार तोच ठेवून मोटारीचा टायर काढला आणि ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकचा, जाड थरांचा टायर घातला, तर तोच भार पेलायला त्याला हवा जास्त लागते. शिवाय गाडीवर छताचा तंबू, पाण्याचे कॅन, पुढे विंच, मागे स्टेपनी आणि डिझेलचे डबे चढले, की भारच बदलला. टायर बनवणाऱ्यांचे भार आणि दाबाचे तक्ते असतात. आधी प्रत्यक्ष लादलेल्या गाडीचं वजन काट्यावर करून त्या तक्त्यात किमान आकडा पाहावा, मग खडूची रेघ. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. तंबू त्याच्या छतावर नसतो.

आकडा ठरला की तो गाडीला शिकवायचा. जीपसाठी एईव्ही कंपनीचं ‘प्रोकॅल’, ‘टेझर’ अशी साधनं निघाली आहेत. निदान-पोर्टला जोडून ती टायरचा घेर आणि हवेची पातळी दोन्ही बदलतात. घेर बदलल्याने वेगमापकही खरं बोलायला लागतो. टोयोटाच्या काही गाड्यांत एक बटण असतं. ते दाबलं की त्या क्षणी टायरमध्ये जी हवा असेल तीच पाया मानली जाते. चाकं थंड असताना, मापकाने तपासून, हवा बरोबर भरून मगच ते दाबावं. वाळूतून बाहेर येताना पंधरा पीएसआयवर कोणी ते दाबलं, तर गाडी पंधरा हाच आदर्श समजून बसते आणि महामार्गावर गप्प राहते. तीस शिकवलं की इशारा साडेबावीसच्या आसपास मिळतो, आणि तोच हवा होता.

आता बंद करण्याच्या वाटांकडे येऊ. एक म्हणजे सॉफ्टवेअरमधून यंत्रणाच उडवणं. दुसरी अमेरिकेत बरीच लोकप्रिय: पीव्हीसीचा जाड नळ घ्यायचा, दोन्ही टोकं बंद करायची, आत चारही सेन्सर टाकायचे, एक व्हॉल्व बसवून पस्तीस पीएसआय हवा भरायची आणि नळ सीटमागे ठेवून द्यायचा. गाडीला वाटतं चारही चाकं ठणठणीत आहेत. कल्पकता आहे, मान्य. पण पेटलेल्या दिव्यापेक्षा हा नळ मला जास्त घातक वाटतो. पेटलेला दिवा निदान ‘मला माहीत नाही’ असं सांगतो. हा नळ खोटं आश्वासन देतो, तेही चार नीट आकड्यांत. ती गाडी उद्या दुसऱ्याने विकत घेतली, तो बायको-मुलांना घेऊन रात्री महामार्गावर निघाला आणि मागच्या चाकात खिळा असला, तर दिवा शांतच राहणार.

अमेरिकेतला कायदा इथे एक रेष ओढतो. संघीय कायद्यानुसार उत्पादक, वितरक, विक्रेता किंवा दुरुस्तीचा धंदा करणारा कोणीही, गाडीत सुरक्षेसाठी सक्तीने बसवलेली यंत्रणा जाणूनबुजून निकामी करू शकत नाही. २०११ मध्ये सुरक्षा प्रशासनाने टायर उद्योगाच्या संघटनेला पत्र लिहून हे टीपीएमएसला कसं लागू होतं ते स्पष्ट केलं. चालू सेन्सर असलेल्या गाडीला दुकानाने सेन्सरविना नवी चाकं लावून यंत्रणा बंद पाडली, तर ते उल्लंघन, ग्राहकाची संमती असली तरी. सेन्सर आधीच मेलेला असेल आणि दुकानाने तिथे साधा व्हॉल्व घातला, तर नाही. हा संघीय कायदा स्वतःच्या गाडीत स्वतः हात घालणाऱ्या मालकाला लागू होत नाही. म्हणूनच तिथली चांगली दुकानं काम घेण्याआधी चारही सेन्सर तपासून लिहून ठेवतात, आणि काही सेन्सरशिवाय चाकं लावायला सरळ नकार देतात. त्या नकाराचा राग धरू नये.

एक अपवाद मी मान्य करतो. जी गाडी फक्त खडकांवर चढते, रस्त्यावर ट्रेलरवरून येते-जाते, जिच्यात महामार्गाचा वेग कधी येत नाही, तिला या दिव्याची गरज नाही.

भारतात अशी सरसकट सक्ती नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना सूट दिली की टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. रानात जाणाऱ्याने ती सूट घेऊ नये. भिंतीला चीर गेलेला टायर त्या संचाने जुळत नाही. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या वरच्या प्रकारांत टायरची हवा पडद्यावर दिसते, आणि चाकं बदलण्याची हौस असलेल्यांत थारवाल्यांचा भरणा मोठा आहे. कंपनीचा २५५/६५ आर १८ हा टायर साधारण एकतीस इंची. त्यावर तेहतीस, पस्तीस इंची टायर चढवण्याआधी आरटीओकडे विचारून घ्यावं, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी बदलायला मनाई करतं.

आपल्याकडे खरा धोका टायर चढवणाऱ्याच्या हातात असतो. यंत्राचा दाबणारा फाळ किंवा लोखंडी पट्टी व्हॉल्वच्या बाजूला लावली की सेन्सर एका झटक्यात फुटतो. ‘आत सेन्सर आहे, व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने उतरवा’ हे आधीच सांगायचं, आणि काम होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. पंक्चर वारंवार होत असेल तर गावाकडच्या दुकानात ‘ट्यूब टाकून देतो’ असं सहज म्हणतात. सेन्सर असलेल्या रिममध्ये ट्यूब घालू नये. डबीची कड तिला घासून फाडते. पंक्चरवर ओतायचा चिकट द्रव घेताना तो सेन्सरला चालणारा आहे का ते बाटलीवर वाचावं, नाहीतर दाब मोजायचं इवलंसं छिद्र बुजतं.

ज्या रिममध्ये काही केल्या सेन्सर बसत नाही, तिथे व्हॉल्वच्या टोपणासारखे बाहेरून लावायचे सेन्सर आणि छोटा पडदा असा संच मिळतो. शहरात तो ठीक. झुडपांतून, खडकांतून जाताना टोपण तुटून पडतं, आणि ते लावलेलं असताना व्हॉल्वची पिन दाबलेली असल्यामुळे टोपण तुटलं की त्या वाटेने हवाही गळू शकते. रानाच्या वाटेआधी ते काढून साधं टोपण लावावं आणि रस्त्याला लागताना पुन्हा चढवावं.

पडद्यावरचे आकडे रोज पाहणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. तापमानात साधारण साडेपाच अंश सेल्सिअसचा फरक पडला की दाब एक पीएसआयने बदलतो. हिवाळ्यात पहाटे दहा अंशांवर उभ्या गाडीचा आकडा दुपारच्या पस्तीस अंशांपेक्षा चारएक पीएसआयने कमी दिसेल, त्यासाठी हवा भरायला धावू नये. हवा नेहमी थंड टायरवर, सकाळी निघण्याआधी मोजावी. लडाखला जाणाऱ्यांना याच्या जोडीला उंचीही धरावी लागते. खारदुंग ला पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे तापमान तेच राहिलं तर हातातल्या मापकावर टायरचा दाब सातएक पीएसआयने वाढलेला दिसेल. थंडी त्यातला बराच वाटा परत ओढून घेते. म्हणून तिथे वाटेत उगाच हवा सोडू नये. लेहला मुक्काम करून, सकाळी थंड टायरवर एकदा मोजून तिथल्या हिशेबाने हवा बसवावी, आणि खाली मनालीकडे उतरल्यावर पुन्हा मोजावी. उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो आणि वर बरोबर भरलेली हवा खाली कमी पडते. तेव्हा दिवा लागला तर तो खराच असतो.